आडनावाची रिकामी जागा

जॉर्ज टाउन, १८ नोव्हेंबर २०२४

आ-हून,

आपल्या कुलमंदिराच्या दारातले दोन मोठे कंदील. समुद्रदेवीच्या देवळातले सगळे, वादळात फाटलेला तो एक धरून. या गल्लीतल्या जवळजवळ प्रत्येक दारावरची आडनाव लिहिलेल्या कंदिलांची जोडी. मशिदीमागच्या हाजी इद्रिसच्या अंगणातली पणत्या लावायची बांबूची कमान, जी अजून दर ईदला उभी राहते. कमलवेणी अम्मांच्या धाकट्या भावाच्या कावडीचा मोर. इतका हलका झाला होता की टेकडी चढून आल्यावरही तो पठ्ठ्या नाचतच होता. तुझ्या बालवाडीच्या नाटकातला चंद्र, ज्याच्यात तुझ्या बाई बसू शकल्या असत्या.

हे सगळं या दोन हातांनी केलं. कुणी शिकवलं नाही. माझा बाप बंदरावर पोती वाहायचा. सणानंतर देवळाबाहेर फेकलेला एक कंदील मी घरी आणला, कामटी कामटीने उसवला आणि परत विणला. पहिल्यांदा भोपळ्यासारखा झाला. दुसऱ्यांदा कंदिलासारखा. हे बढाई म्हणून लिहीत नाही. थोडी म्हणून लिहितो. मुख्य कारण असं की या यादीत एकाची भर घालायची आहे आणि त्यासाठी तू इथे यायला हवीस.

दोन वर्षांपूर्वी तू म्हणालीस, "पा, माझ्याशी बोलू नका." मी बोललो नाही. लिहू नका असं तू म्हणाली नव्हतीस. मी शब्द मोजून पाळतो, हे तुला ठाऊक आहे.

लग्नातल्या त्या कंदिलांविषयी पुन्हा वाद घालायचा नाही. ते प्लास्टिकचे होते. गोंडे शिवलेले नव्हते, चिकटवलेले होते. कंदीलवाल्याच्या मुलीच्या लग्नात असले कंदील डोक्यावर लटकत असताना माझ्या घशाखाली घास उतरेना, म्हणून ते उतरवायला मी शिडी मागवली. शिडी जरा लवकर मागवली, असं तुझी आई म्हणते. पाहुण्यांचं अजून सूपच चाललं होतं, म्हणते.

तर तुझं पोर, अमुदा. तिची खबर मला कमलवेणी अम्मांकडून मिळते. दुकानात गजरे ओवताना तुझी सासू फोन फुलांच्या टोपलीला टेकवून तुमच्याशी बोलते आणि मी नेमका तेव्हाच बांबू आणायला तिकडून जातो. बांबूची वखार उलट्या दिशेला आहे, हे तुला ठाऊक आहे. त्यांनाही आहे. काल त्यांनी फोन मुद्दाम माझ्या बाजूला वळवला. पोर तुझ्यासारखं कपाळ आक्रसून बघतं. एक महिना झाला म्हणून आईने लाल कुए वाफवून गोड म्हणून गल्लीभर वाटले. तांदळाचं पीठ तिने स्वतः दळलं, मी चाळलं.

पहिल्या महिन्याच्या पौर्णिमेला, चाप गो मेच्या दिवशी, ज्या घरात वर्षभरात मूल झालं ते घर आपल्या कुलमंदिरात एक कंदील आणतं आणि तो वर्षभर तुळईला लटकतो. हे तुला माहीत आहे. तुझ्या नवऱ्याला वाचून दाखवता यावं म्हणून लिहिलं. मी 'मूल' लिहिलं आहे. नियमात 'मुलगा' आहे. पुढचं पुढे बघू.

पा


९ डिसेंबर २०२४

आ-हून,

उत्तर आलं नाही. घाई नाही.

काल मी कुळातल्या थोरल्या बून लोक आ-पेककडे गेलो होतो. चौऱ्याऐंशी वर्षांचे झाले, पण कुलमंदिराच्या किल्ल्या अजून कमरेलाच आहेत. तुझी आईही आली, बिस्किटांचा डबा घेऊन. मी तिला येऊ नको म्हटलं होतं.

मी म्हणालो, "आ-पेक, आमच्याकडे नातवंड झालं. या वर्षी कंदील आणायचा म्हणतो."

'नातवंड' म्हणालो. यात खोटं काही नाही.

"छान, छान," आ-पेक म्हणाले. डबा उघडला, एक बिस्किट चहात बुडवलं, नीट चावून खाल्लं आणि मग म्हणाले, "तिओंग, गेल्या महिन्यात तुझ्या बायकोने कुए पाठवले होते. खाल्ले मी. पीचच्या आकाराचे होते."

मी आईकडे बघितलं. आई छताकडे.

"मुलगा झाला की गोल कुए, मुलगी झाली की पीच. मला मधुमेह आहे, मोतीबिंदू नाही."

मी हे कसं विसरलो, देव जाणे. पीठ मी चाळलं, साचा मी धुऊन दिला, आणि साच्याचा आकार माझ्या डोक्यात शिरला नाही. गल्लीतल्या पोरासोरांनाही कळलं होतं. नातवंड म्हणत फिरणारा मी एकटाच.

"टेंग म्हणजे दिवा," आ-पेक म्हणाले, "आणि टेंग म्हणजे वंशाचा मुलगा. एकच शब्द. म्हणून तर दिवा लावायचा. मुलीचा टेंग कसा लावणार? शब्दच बसत नाही."

"मग मुलगी झाली की घरातला दिवा मालवायचा का, आ-पेक?" आई म्हणाली. "सांगून ठेवा, म्हणजे विजेचं बिल तरी वाचेल."

"स्वी लियान, मी नियम सांगतोय."

"मी पण तेच विचारतेय. हून झाली तेव्हा आम्ही गप्प बसलो. तुम्ही विचारलं नाही, यांनीही विचारलं नाही." इथे तिने माझ्याकडे बघितलं. मी चहा प्यायलो.

आ-पेक हट्टाला पेटले की दुसरं खुसपट काढतात. "बरं, मुलीचं राहू दे. बाप तमिळ. दुसऱ्याचं आडनाव आपल्या तुळईला टांगायचं? पूर्वज काय म्हणतील?"

"दुसऱ्याचं नाही," मी म्हणालो. "त्यांच्यात आडनावच नसतं."

आ-पेकनी कप खाली ठेवला. "नसतं म्हणजे?"

"नसतं. बापाच्या नावाचं पहिलं अक्षर लावतात. जावई इळंगो, त्याच्या बापाचं नाव कदिरेसन, म्हणून तो के. इळंगो. पोरीचा बाप इळंगो, म्हणून ती आय. अमुदा. तिला मूल झालं की पुन्हा अक्षर बदलेल."

"दर पिढीला नवं?"

"दर पिढीला."

"मग त्यांना एकमेकांचे पूर्वज सापडतात कसे?"

"ते त्यांचं ते बघतात. पण आडनाव नाही, हे नक्की."

आ-पेक बोटाने टेबलावर काहीतरी गिरवत होते. माणसाला आडनाव नाही, ही गोष्ट त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच आली असावी. त्यांच्या अंगणापलीकडची गल्ली तमिळांची आहे आणि इडली ते रोज तिथूनच आणवतात, तरीही.

"म्हणजे," ते सावकाश म्हणाले, "पोरीची आडनावाची जागा रिकामी आहे."

"रिकामी आहे."

"मग दुसऱ्याचं आडनाव टांगलं, असं होत नाही."

"होत नाही."

"रिकाम्या जागेवर आपलं क्वा लिहायला कोण अडवतो? तिच्या बापाची काही हरकत?"

"त्याच्याकडे हरकत घ्यायला आडनावच नाही," आई म्हणाली.

आ-पेक हसले नाहीत, पण दुसरं बिस्किट उचललं. मग मान वर करून तुळईकडे बघितलं. चार वर्षं ती रिकामी आहे, आ-हून. पोरं सिंगापूरला, क्वालालंपूरला, तुमच्याकडे मेलबर्नला. जी आहेत ती लग्न करत नाहीत, करतात त्यांना मांजरं होतात. नुसते खिळे दिसतात. "कौल लावतो," ते म्हणाले. "माझ्या एकट्याच्या डोक्यावर नको."

ऑस्ट्रेलियाच्या कागदावर तुम्ही अमुदाचं आडनाव म्हणून काय लिहिलं आहे, ते मी विचारलेलं नाही. तूही सांगू नकोस.

पा


५ जानेवारी २०२५

आ-हून,

कौल मिळाला.

आ-पेकनी पूर्वजांसमोर ते चंद्रकोरीसारखे दोन लाकडी तुकडे टाकले. पहिल्यांदा दोन्हींची सपाट बाजू वर आली. म्हणजे पूर्वज हसले. उत्तर नाही, पुन्हा विचारा. "आडनाव नाही म्हटल्यावर हसणारच," आ-पेक पुटपुटले. दुसऱ्यांदा एक सपाट, एक गोल. होकार. तुझ्या आईने तिथल्या तिथे हात जोडले आणि मग मला कोपराने ढोसलं, जणू मीच नको म्हणत होतो.

पण अट घातली आहे. पोरीला तिच्या आईने त्या संध्याकाळी स्वतः कंदिलाखाली आणलं पाहिजे. "फोनवर दाखवलेली चालणार नाही," आ-पेक म्हणाले. "आणि यंदा नाही आली तर पुन्हा माझ्याकडे येऊ नका. मी दर वर्षी पूर्वजांना हसवत बसणार नाही." पुढच्या वर्षी किल्ल्या ज्याच्याकडे जातील तो कौलसुद्धा लावणार नाही. हे धमकी म्हणून लिहीत नाही. तुळई कशी आहे ते लिहितो.

कंदिलाला सुरुवात केली. बांबू मधल्या पेरांचा घेतला, वरचा नाही, खालचाही नाही. कामट्या अशा तासल्या की दातात धरून वाकवल्या तरी आवाज होत नाही. विणला, कापड चढवलं, खळ लावली, वाळवला. एका बाजूला 'क्वा', लाल, काळ्या कडेचं. दुसऱ्या बाजूला आपल्याकडे कुळाच्या मूळ गावाचं नाव असतं. अमुदाचं मूळ गाव कोणतं लिहायचं? फुजियान? तंजावर? मेलबर्नचं ते उपनगर, ज्याचं नाव मला उच्चारता येत नाही? म्हणून तिचं नावच लिहायचं ठरवलं, तिच्या आजीच्या लिपीत.

कमलवेणी अम्मांनी रांगोळीने दुकानासमोर तीन अक्षरं काढली. मी ती कागदावर उतरवून आणली, चार दिवस गिरवली, मग कापडावर रंगवली आणि त्यांना बोलावून दाखवली. त्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. व्याह्याला त्या संबंधी म्हणतात.

"संबंधी, ही कोण?"

"अमुदा."

"ही अमूदा आहे. शेपटी लांबवलीत तुम्ही. अशी हाक मारली तर पोरगी येणार नाही, गाय येईल."

मी वाद घातला नाही. शेपटी धुतली, कापड ताणून वाळवलं, पुन्हा काढली. आता बरोबर आहे. चिनी अक्षरात चूक झाली तर ती माझी असते. तमिळ अक्षरात झाली तर अर्धी गल्ली हसते. त्यातली तिघं अम्मांच्या दुकानातले हार हातात घेऊनच बघायला आली होती. हाजी इद्रिसही थांबला, म्हणाला, "तिओंग, तिसरी बाजू असती तर आमच्या जावी लिपीत लिहून दिलं असतं मी." कंदील गोल आहे, त्याला बाजू नसतात, असं मी त्याला सांगितलं. मग रात्रभर तिसऱ्या बाजूचाच विचार करत पडलो. जागा नाही. मोजून बघितली.

कंदील वाळत टांगला असताना काळ्या शर्टातला एक माणूस येऊन गेला. कोपऱ्यावरच्या जुन्या धान्यगोदामाचं हॉटेल होतंय, तिथला. फोटो काढले. त्याच्याविषयी लिहिण्यासारखं काही नाही.

पा


७ फेब्रुवारी २०२५

आ-हून,

नवीन वर्ष झालं. नवमी झाली, उसाचे दांडे दाराला बांधले, आकाशदेवाला भाजलेलं डुक्कर दाखवलं. तुझी खुर्ची आईने मांडली होती. मी ती उचलून तिच्यावर ओल्या रंगाचा डबा ठेवला, म्हणजे रिकामी दिसू नये.

पोस्टमन नवा आहे. गल्ल्या चुकत असणार.

तू आईशी फोनवर बोलतेस तेव्हा मी बाहेर बांबू तासतो. कान तासता येत नाहीत. परवा तिने 'हूं, हूं, बघ बाई' इतकंच म्हटलं आणि आत गेली. काय म्हणालीस ते मी विचारलं नाही. तिने सांगितलं नाही. जेवताना तिने मला माशाचं डोकं वाढलं, जे ती मला बरं नसतं तेव्हा वाढते. त्यावरून मी काय समजायचं ते समजलो.

कंदील झाला. लिहितो ते खरं आहे: असा मी आजवर केला नव्हता. आत दिवा लावला की क्वाचा लाल आणि अमुदाचा हळदी रंग कडेला कुठे मिसळतात ते दाखवता येत नाही. आ-पेक रोज संध्याकाळी फिरायला म्हणून दुकानापुढून जातात. आत बघतात. "आली का?" विचारत नाहीत. "वाळला का?" विचारतात. मी म्हणतो, "वाळतोय."

एकाच पौर्णिमेच्या अंगाला दोन सण आले आहेत या वर्षी. अकराला तमिळांचा थाईपूसम, बाराला आपलं चाप गो मे. कमलवेणी अम्मांचा भाऊ पुन्हा कावड घेतोय. मोराची मान मी दुरुस्त करून दिली. अम्मा फार बोलत नाहीत सध्या. मी तिकडून गेलो की फोन पालथा ठेवतात.

काळ्या शर्टाचा माणूस परत आला होता. या वेळी बसला, चहा घेतला. पुन्हा येतो म्हणाला. काय म्हणाला ते लिहीत नाही.

तुम्ही नाही आलात तर कंदील मी आत माळ्यावर ठेवीन, कापडात गुंडाळून. उंदीर लागू नयेत म्हणून कडुनिंबाचा पाला घालीन. काळजी नसावी.

पा


२ मार्च २०२५

आ-हून,

तुझं पत्र मिळालं. पोस्टमन नवाच आहे, पण गल्ली चुकला नाही.

तुम्ही गेल्यापासून आई दिवसातून चारदा तुमच्या खोलीची चादर सारखी करते. ती सरळच असते. अमुदाचा एक मोजा गादीखाली सापडला. पाठवत नाही. पुढच्या वेळी आलात की मिळेल. तोवर पाय मोठा झाला असेल, तर राहू दे इथेच.

थाईपूसमच्या त्या दिवसाचं तुझं मत तू लिहिलंस, आता माझं ऐक. देवाचा रथ गेल्यावर रस्ताभर फुटलेल्या नारळांच्या कवट्या होत्या आणि एका बाबागाडीचं चाक अडकलेलं दिसलं, म्हणून मी वाकलो. गाडी कुणाची ते मी बघितलं नव्हतं. चाक बघितलं होतं. कवटी काढून मान वर केली, तर गाडीच्या टपाला लाल प्लास्टिकचा कंदील. तोच. लग्नातला. इतक्या दुरून तो परत आणलास तू, विमानातून.

"पा," तू म्हणालीस, "काढायचा असेल तर या वेळी शिडी लागणार नाही."

मी काढला नाही. याची नोंद व्हावी. "गोंडा सैल झालाय," एवढंच म्हणालो, आणि ते खरं होतं. मागे कमलवेणी अम्मा पदर तोंडाशी धरून हसत होत्या. महिनाभर ही बाई फोन पालथा ठेवत होती ती याचसाठी! मी त्यांना म्हणालो, "संबंधीणबाई, तुम्ही मला सांगायला हवं होतं." त्या म्हणाल्या, "हून म्हणाली, सांगू नका. आम्ही पण शब्द मोजून पाळतो."

दुसऱ्या दिवसाचं तुला आठवत असेलच, पण तू पोरीला धरून उभी होतीस, तुला सगळं दिसलं नसणार. आ-पेकनी कंदील फिरवून तमिळ अक्षरं बघितली आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "हे पूर्वजांना वाचता येईल का रे?" तुझ्या आईने ऐकलं. "पूर्वजांना चिनी तरी कुठे येत होतं, आ-पेक? सगळे अंगठेबहाद्दर. होडीत बसून आले ते बिचारे." आ-पेक म्हणाले, "हं. तेही खरंच." आणि हाक मारली, मोठ्याने, तुळईकडे तोंड करून: "क्वा अमुदा!" शेपटी अगदी बरोबर. घरी सराव केला असणार. अमुदा तेव्हा शिंकली, तो होकार धरला गेला.

मग कमलवेणी अम्मांनी कंदिलाला मोगऱ्याचा गजरा घातला. कंदिलाला गजरा घालत नाहीत. एका बाजूला भार पडून तो झुकला. मी हात मागे बांधून उभा राहिलो, तुझ्या नवऱ्याला विचार. शेवटी आ-पेकनाच राहवलं नाही. त्यांनी काठीने तो सरळ केला.

तो अजून तिथेच आहे. गजरा सुकला, काढला. रोज संध्याकाळी आत दिवा लागतो. आ-पेक आता येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगतात की ज्याला आडनाव नाही त्याला आपलं द्यायचं, ही क्वा कुळाची जुनी रीत आहे. किती जुनी, ते सांगत नाहीत. परवा तेऊ घराण्यातली एक बाई विचारायला आली होती, तिची मुलगीही अशीच तमिळ घरात दिलेली. तिच्या कंदिलाचं माप घेतलं आहे.

तुमच्या प्लास्टिकच्या कंदिलाचा गोंडा तुम्ही निघायच्या आधी मी बदलला, ते तुला तिकडे गेल्यावर कळलं म्हणतेस. रेशमाचा आहे, शिवलेला. बाकी तसाच ठेवला.

आता तुझा प्रश्न. हॉटेलातला तो माणूस तुझ्या नवऱ्याला विमानतळावर भेटला आणि म्हणाला, तुझा सासरा वेडा आहे, त्याला विचार मी काय देत होतो. तू विचारलं आहेस म्हणून सांगतो, नाहीतर लिहिणार नव्हतो.

तो थाईपूसमच्या आदल्या दिवशी सकाळी आला. त्यांचं हॉटेल चाप गो मेला उघडणार होतं. एका अंगाला चिनी, एका अंगाला तमिळ, असा कंदील दर्शनी दालनात हवा, हे म्हणजे आपलं शहरच आहे, वगैरे म्हणाला. दुसरा करून देतो म्हटलं, दोन महिन्यांत. त्याला दोन दिवसांत हवा होता, आणि हाच. "अंकल," तो म्हणाला, "सगळी गल्ली सांगते तुमची मुलगी येत नाही. माळ्यावर ठेवून काय कराल? पोरीला पुढच्या वर्षी दुसरा करा, तिला काय कळतंय."

तोवर तुझा एक शब्द आला नव्हता. मी त्याला म्हणालो, ती येत नाही हे मलाही ठाऊक आहे. पण हा अमुदाचा आहे, माझा नाही. मी विकू शकत नाही. त्याने आकडा वाढवला. मी कडुनिंबाचा पाला आणायला गेलो.

दारावरच्या जोडीचे मी एकशे ऐंशी घेतो. त्याने या एका कंदिलाचे वीस हजार रिंगिट देऊ केले होते.

पा